जुनी ०७०

कोल्हापूर, रविवार

प्रिय दोस्ता,

फोनवर म्हणालास, "नवं मशीन घे की, ते भंगार कशाला गोळा करतोस?" तेव्हा रस्त्यात होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

वखारीच्या कोपऱ्यात भुशाखाली जर्मन स्टिल कंपनीची ०७० सापडली, म्हणजे पेट्रोलवर चालणारी जुनी चेनसॉ, साखळीची करवत. १०६ सीसी! आपल्या लुनाच्या दुपटीहून मोठं इंजिन, आणि ते हातात धरून झाड कापायचं. १९५९ साली याच कंपनीनं काँट्रा नावाची चेनसॉ काढली, मधले गिअर वगळून साखळी थेट क्लचवरून फिरवली. ०७० तिच्याच घराण्यातली.

मशीन खोललं. क्लचचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी ते बघावं लागतं. फ्लायव्हीलखाली ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर पांढरट थर चढलेला. बारीक पॉलिश पेपरनं घासला, पेट्रोलनं पुसला, फीलर गेजच्या पातळ पट्टीनं मोजून पॉइंटमधली फट लावली. प्लग सिलिंडरला टेकवून दोरी ओढली तर निळी ठिणगी! भावा, तो आनंद वेगळाच.

खरं काम कार्बोरेटरचं. लुनाच्या कार्बोरेटरात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, तो आडवा केला की काम संपलं. यात डायफ्रॅम, म्हणजे पातळ लवचीक पडदा असतो, म्हणून मशीन कसंही वाकवलं तरी पेट्रोल पोचतं. आतला डायफ्रॅम पापडासारखा कडक झालेला. नवा टाकला, पेट्रोलची नळीही बदलली. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुनी रबरं लवकर जातात, त्यामुळे काम झालं की टाकी रिकामी करतो. पेट्रोलमध्ये ऑइल पंचवीसास एक मिसळतो.

एक बुश, म्हणजे दांड्याभोवतीची धातूची नळी, झिजला होता. इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, लेथवर तासाभरात नवा करून मिळाला. हे कोल्हापुरातच होतं रे! म्हणूनच मला जुनी मशीनं आवडतात. ती खोलता येतात, बिघाड डोळ्यांना दिसतो, भाग इथंच बनतो. रंग मात्र मी मारणार नाही. हँडलवर ज्याच्या हातानं रंग उडालाय, त्याची मेहनत पुसायची नाही.

उभं झाड यानं कापत नाही. साखळी झटकन थांबवणारा चेन ब्रेक यात नाही, मशीन उसळलं तर थांबवायला काहीच नसतं. जमिनीवरचा ओंडका तेवढा कापतो, तोही गॉगल, हातमोजे आणि कानाला मफ लावून.

आता तुझ्याकडं काम. स्टार्टरचं झाकण तडकलंय. तुमच्याकडच्या वखारीत ०७० चं पडलेलं मशीन असेल तर विचार. चालू नसलं तरी चालेल, दोरी ओढल्यावर फिरत असलं म्हणजे झालं. पैसे मी लगेच पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
कोल्हापूरकर