मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं नळावर जाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे, जूनमध्ये दात सरळ करायला तिच्या दातांना तारेची क्लिप बसवली. काय खायचं नाही ते डॉक्टरांनी सांगितलं, चिक्की, भाजलेले चणे, पॉपकॉर्न, बर्फ, च्युइंगम, पण मग खायचं काय ते आम्हाला घरीच शोधावं लागलं. पहिले तीन-चार दिवस तर तिला पोळीचा तुकडाही चावता येईना, दातांवर दाब येतो म्हणून सगळं तोंड ठणकतं. सासूबाईंनी मेतकूट-भात आणि मुगाची आसट खिचडी तूप घालून दिली तेव्हा कुठे पोटात काही गेलं. आठवड्याभरात दुखणं कमी होतं, पण दर महिना-दीड महिन्याने तार घट्ट केली की परत दोन दिवस तेच, त्यामुळे आता त्या दिवशी आमच्याकडे खिचडी ठरलेलीच असते.

आपल्या जेवणाची आणखी एक गंमत कोणी आधी सांगत नाही, ती म्हणजे हळद. तार धरून ठेवायला छोटे रबर असतात, तिने हौसेने पांढरे लावून घेतले होते, चार दिवसांच्या वरण-भाजीने ते पिवळेधमक झाले आणि पोरगी हसायचीच बंद झाली. पुढच्या वेळी गडद निळे लावले. पेरू, सफरचंद बारीक फोडी करून द्यायचं, कणीस दाताने तोडायचं नाही, दाणे काढून उकडून द्यायचे. वडापाव मऊ म्हणून चालतो, पण त्यातली सुकी चटणी तारेत जाऊन बसते. गणपतीत उकडीचे मोदक तिने पोटभर खाल्ले, प्रसादाच्या सुक्या खोबऱ्याला मात्र हात लावला नाही, खूप समजूतदार आहे हो.

एका रविवारी मागच्या दाढेजवळ तारेचं टोक गालात घुसायला लागलं, आतून सोलवटून निघालं आणि क्लिनिक बंद. तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं मेण कामाला आलं. आधी ती जागा टिश्यूने कोरडी करायची, मग मेणाची वाटाण्याएवढी गोळी बोटांनी मऊ करून टोकावर दाबून बसवायची, ओल्यावर ते अजिबात टिकत नाही. सोबत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. सोमवारी जाऊन तार कापून आणली.

हे सगळं घरात निभावतं हो, पण शाळेत नाही, आणि मी खरं त्यासाठी लिहितेय. मधली सुट्टी २० मिनिटांची, हिला हळूहळू चावून खायला पंधरा-सोळा मिनिटं लागतात, मग नळावर गर्दी. एकदा ती चुळा भरून छोट्या ब्रशने तारेतली मेथी काढत होती, वर्गात यायला उशीर झाला म्हणून तिला बाहेर उभं केलं. त्यानंतर डबा भरलेलाच परत यायला लागला. विचारलं तर म्हणते, "आई, खाल्लं तर अडकतं, मग बोलताना सगळे बघतात." सकाळी सातला घराबाहेर पडणारं मूल दुपारी दोनपर्यंत उपाशी! मी ऑफिसमधून गोरेगावला पोचेपर्यंत आठ वाजतात, मला हे दहा-बारा दिवस कळलंच नाही, त्याचं फार वाईट वाटतं.

आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. तार ज्यात बसते त्या दातांवर चिकटवलेल्या बटणांभोवती अन्न अडकून राहिलं की जंतू त्याचं आम्ल करतात आणि दातावर पांढरे डाग पडतात, क्लिप काढल्यावरही ते राहू शकतात. उपचार साधारण दीड-दोन वर्षं चालतात, तेवढे सगळे डबे शाळेतच खायचे आहेत. श्रीमंतांचे चोचले म्हणून पण सोडून देऊ नका, मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात आणि सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयातही या तारा लावतात, तिथे साध्या घरातली मुलंच जातात.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे की ज्यांना क्लिप आहे त्यांना सुट्टी संपल्यावर पाच मिनिटं नळावर जाऊ द्यावं, पाहिजे तर आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी देतो. आणि डॉक्टरांनी क्लिप लावतानाच मराठीत एक कागद द्यावा, त्यात इडली, उपमा, सांजा, दही-भात, दुधात कुस्करलेली भाकरी असं डब्याचं आणि घरचं खाणं लिहिलेलं असावं.

मी वर्गशिक्षिकांना भेटून आले, त्यांनी ऐकून घेतलं, सोमवारपासून बघू म्हणाल्या. सोमवारच्या डब्यात इडली देणार आहे.

आपली,
एक आई, गोरेगाव