बंडू, मी मिंट टाकलं

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत पत्र लिहितो म्हणालो होतो. दिवाळी गेली, तुळशीचं लग्नही झालं आणि तुझी दोन पत्रं टेबलावर उत्तराची वाट पाहत पडली आहेत. रागावू नकोस. प्रकृती बरी, गुडघा आहे तसाच. घरी सगळे ठीक.

आज लिहायला बसलो त्याचं कारण फक्त तुलाच कळेल. अभ्यासिकेच्या नऊ पीसींपैकी सहांवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं. लिनक्सचाच दुसरा प्रकार, तुझं लाडकं डेबियन, नाही. फोनवर हे सांगायला धीर होईना, म्हणून कागद घेतला.

विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपले पीसी चौथ्या पिढीच्या आय-५ चे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, तेव्हा तो रस्ता बंद. कमिटीतले एक-दोघे पीसी भंगारात काढायला निघाले होते. धडधाकट प्रोसेसर, पाच मशीनमध्ये आठ जीबी रॅम, चारांत चार जीबी, आणि भंगार! पोरं स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरतात, जुन्या प्रश्नपत्रिका वाचतात, टायपिंग करतात. त्याला या मशीन आणखी पाच वर्षं पुरतील. फक्त फिरती हार्ड डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवायची. प्रोसेसर बदलून जेवढा फरक पडणार नाही तेवढा या एका बदलाने पडतो.

आता तुझा प्रश्न: डेबियन का नाही? वायफाय चालवणारं बंदिस्त फर्मवेअर डेबियनमध्ये असावं की नाही यावरून तू माझ्याशी तीन दिवस बोलला नव्हतास, तो वाद तर आता उरलाच नाही. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन बारापासून ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. मेसच्या पायरीवर मी हेच म्हणत होतो, एवढं तरी मान्य कर. तेरा तर फारच नेटकं आहे. माझ्या स्वतःच्या मशीनवर तेच आहे आणि तेच राहील.

पण अभ्यासिकेत संध्याकाळी सात ते दहा अक्का एकट्या असतात. पीसी अडला की तो उठवायचा त्यांनी. निवड माझ्या आवडीने करायची की रात्री नऊला त्या मशीनपुढे बसणाऱ्या माणसाकडे बघून, यावर मी महिनाभर झुरलो. मिंटमध्ये अपडेट मॅनेजर, सिस्टीमच्या प्रती ठेवणारं टाइमशिफ्ट, ड्रायव्हर मॅनेजर आणि जुना कर्नल (सिस्टीमचा गाभा) निवडायची खिडकी पहिल्या दिवसापासून जागेवर असते. डेबियनमध्येही यातलं बहुतेक बसवता येतं. ‘एकदा लावून दे की’ असं तू म्हणशीलच. लावून देईन रे, पण पुढे बिघडलं की अक्का ज्या पोराला हाक मारतील त्याने उबंटू (ज्यावर मिंट उभं आहे ते लिनक्स) किंवा मिंटच पाहिलेलं असणार. तू नेहमी लिनक्स वापरणाऱ्या केरळच्या सरकारी शाळांचा दाखला देतोस. तिथे शिक्षकांना शिकवणारी अख्खी यंत्रणा पाठीशी आहे, इथे एक अक्का आणि एक वही.

खुद्द उबंटू नको वाटलं, कारण त्यात फायरफॉक्स स्नॅप या उबंटूच्या बंदिस्त पॅकेजमधून येतो आणि ज्या मशीनमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क आहे तिथे तो पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो. मिंट स्नॅप बंद ठेवूनच येतं. फेडोरा या आणखी एका लिनक्सची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिने आधार. नऊ मशीन दरवर्षी कोण वर चढवणार? मिंट २२ उबंटू २४.०४ वर उभं आहे, एप्रिल २०२९ पर्यंत काळजी नाही.

चार जीबीवाल्यांवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, आठवाल्यांवर सिनॅमन. पण डेस्कटॉप हलका घेतला म्हणून मशीन धावेल ही समजूत सोड. त्यात काही शे एमबी वाचतात आणि ब्राउझरच्या दहा टॅब ते एका घासात खातात. चारवाल्यांना डीडीआर३ ची आणखी एक पट्टी घालणं हाच खरा उपाय. घेताना डेस्कटॉपचीच लांब पट्टी बघायची. लॅपटॉपची आखूड असते, आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं सहा नंबरच्या मशीनने. मधूनच गोठायचं. माउस हलायचा, पण क्लिक केलं की काही नाही, आणि अर्ध्या मिनिटाने जणू काही झालंच नाही असं पुन्हा चालू. कर्नल बदला, ग्राफिक्सचे पर्याय बदला, असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. तुझं ते ‘आधी लॉग वाच’ आठवलं. कर्नलच्या नोंदी, म्हणजे लॉग, दाखवणारं ‘सुडो डीमेसेज’ चालवलं तर ओळीमागून ओळ: ‘एटीए१: हार्ड रिसेटिंग लिंक’. खाली ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस’. म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातलं बोलणं तुटतंय, कर्नल ते पुन्हा जोडतोय आणि चुका वाढल्या की वेग उतरवतोय. मशीन पूर्ण आडवं झालं तर मात्र हे लॉगमध्ये सापडत नाही. ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच गायब असते. ‘जर्नलसीटीएल -बी -१’ ने मागच्या वेळचा लॉग उघडावा तर तो मध्येच कापल्यासारखा संपतो. तो तसा संपणं हासुद्धा पुरावाच धर.

मग डिस्कची तब्येत सांगणारं ‘स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’. त्यातल्या तीनच ओळी बघायच्या. पाच नंबर म्हणजे खराब झाल्याने बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे खण), १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर, आणि १९९ म्हणजे तारेतून जाताना बिघडलेला डेटा. पाच आणि १९७ चढत असतील तर डिस्क मरणपंथाला, आधी फायली काढून घ्यायच्या. इथे ते दोन्ही शून्य, १९९ मात्र चारशेच्या वर. साटा केबल! जुन्या डिस्कची जुनीच केबल नव्या एसएसडीला लावली होती, खटका नसलेली, सैल. खटक्याची नवी केबल लावली आणि बोर्डावरचं पोर्टही बदललं. १९९ चा आकडा शून्यावर येत नाही हे लक्षात ठेव, तो जन्मभराचा हिशेब असतो. तो वाढायचा थांबला की झालं. बारा दिवस झाले, तिथेच आहे. अक्कांना कमांड नको म्हणून ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममधलं ‘स्मार्ट डेटा’ दाखवून ठेवलंय. तिथे हेच आकडे दिसतात.

दोन मशीनमध्ये जुनी एनव्हिडियाची कार्डं होती. पेन ड्राइव्हवरून चालू केलं की काळा पडदा. मेनूतल्या ओळीवर ‘ई’ दाबून ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे ‘नोमोडसेट’ लिहिलं आणि एफ१० दाबलं की चित्र येतं, पण ती तात्पुरती मलमपट्टी. कार्डंच उपसून काढली आणि मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावले. प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स या कामाला भरपूर आहे, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, वीजही वाचते. तुझ्याकडचा जुना डबा अजून त्या कार्डावर चालत असेल तर तूही हेच कर.

बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरचा) सेल हे आणखी एक दुखणं. नऊपैकी पाच मशीनचे सीआर२०३२ सेल मेलेले. लाईट गेली की बायोसची सेटिंग्ज पुसली जातात, मशीन सुरू व्हायची नवी पद्धत यूईएफआय जाऊन परत जुनी लेगसी येते आणि सकाळी पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. पोरं म्हणणार, लिनक्स उडालं! उडालेलं काही नसतं. म्हणून आधी सगळे सेल बदलले, मग सगळीकडे एकच पद्धत ठेवली: सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद, निव्वळ यूईएफआय. लाइव्ह, म्हणजे न बसवता पेन ड्राइव्हवरूनच, चालवताना टर्मिनलमध्ये ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे ना ते बघायचं. नसेल तर पेन ड्राइव्ह लेगसीतून सुरू झालाय, तिथेच थांबून परत सुरू करायचं. आणि लाइव्हमध्ये तारीख मागची दिसली तर आधी ती बरोबर करायची, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची तक्रार करतो आणि नेटला उगाच शिव्या बसतात.

लाईट जाण्याचा दुसरा प्रताप म्हणजे काळ्या पडद्यावर कंसातलं ‘इनिटरॅमएफएस’: डिस्क तपासून दुरुस्त करावी लागेल म्हणून मशीन अर्ध्यात थांबतं. अक्का पहिल्यांदा बघून घाबरल्या. वहीत लिहून दिलंय: वरच्या ओळीत डिस्कचं नाव असतं, बहुधा ‘/डेव्ह/एसडीए२’. ‘एफएससीके -वाय’ लिहून एक जागा सोडून ते नाव लिहायचं, एंटर, संपलं की ‘एक्झिट’. लाईट न जाताही हे वारंवार यायला लागलं तर पुन्हा ते तीन आकडे बघायचे. आणि गोठलेलं मशीन बटण दाबून मारायचं नाही. आल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून एस, यू, बी, एकामागून एक, दोन-दोन सेकंद थांबत. डेटा डिस्कवर उतरतो, डिस्क फक्त वाचण्यापुरती होते, मग मशीन पुन्हा सुरू होतं. त्याआधीचे आर, ई, आय उबंटूच्या घराण्यात मुळातच बंद असतात, म्हणून तुझं ते सहा अक्षरांचं पाठांतर इथे कामाचं नाही.

पोरांसाठी पाहुणा खातं चालू केलंय. ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये एक खूण करायची असते. बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं, कुणाचा पासवर्ड मागे राहत नाही. मात्र फाइलही राहत नाही, म्हणून प्रत्येक मॉनिटरवर चिठ्ठी: ‘पेन ड्राइव्हवर घ्या, मग उठा.’ टाइमशिफ्ट रोजच्या दोन आणि आठवड्याच्या दोन प्रती ठेवतं. ते सिस्टीमसाठी आहे, घरच्या फायली त्यात धरत नाही, हे कमिटीला तीनदा समजावलं.

मराठीचं तू विचारशीलच. इनस्क्रिप्टसाठी ‘आयबस-एम१७एन’ टाकून ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडायचं आणि एकदा लॉग-आउट. विसरलं की वाटतं बसलंच नाही. शिफ्ट-एनला ळ, शिफ्ट-जेला ऱ, म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ नीट उमटतात. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण करून मराठी निवडायचं, नाहीतर शुद्धलेखनाच्या लाल रेघांनी पान भरतं. मंगल फाँट मात्र मायक्रोसॉफ्टचा, इथे नसतो. त्यातला एका पानाचा अर्ज नोटो किंवा लोहितमध्ये दीड पानाचा होतो. अर्ज पीडीएफ करूनच पाठवा, असा नियमच केलाय.

हिशेबनीसकाकांचं दहावं मशीन विंडोजवरच ठेवलं. त्यांचं टॅली तिथेच चालतं आणि डिजिटल सहीचं टोकनही. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीत) खटपट करून बघू असं तुझ्या मनात येईल. नको. वर्षअखेरीला ते अडलं तर सगळ्या लिनक्सवरच बोट येईल.

तुझ्या बदलीचं कळलं, बरं झालं, निदान घरापाशी आलास. काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? धाकटीचं दहावीचं वर्ष ना? तिला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

आता खरं विचारायचं ते. तीन मशीन बाकी आहेत, तिन्ही आठ जीबीची. त्यांवर एलएमडीई ७, म्हणजे मिंटचीच डेबियनवर उभी आवृत्ती, टाकू का? खाली डेबियन तेरा, वर तोच सिनॅमन, अक्कांना पडद्यावर फरक जाणवणार नाही. उद्या उबंटूने काही वाकडं पाऊल टाकलं तर मिंटवाल्यांनी हीच वाट राखून ठेवली आहे, आणि तिची ओळख आपल्या हाताशी असलेली बरी. पण मग वहीत दोन प्रकार होतात, ड्रायव्हर आणि कर्नलची पानं वेगळी लिहावी लागतात, आणि रात्री नऊला अक्कांनी आधी हे शोधायचं की समोरचं मशीन कुठल्या जातीचं. माझा कल सगळीकडे एकच ठेवण्याकडे आहे. तरी डेबियन अजिबात नाही हे मनाला लागतं, आणि ते का लागतं हे तुला सांगायला नको.

एसएसडी बुधवारी येतायत. दोन्ही पेन ड्राइव्ह तयार आहेत, फायली नीट उतरल्याची खात्री म्हणून चेकसम जुळवलेत. रविवारी सकाळी दहाच्या आत फोन कर, नंतर मी अभ्यासिकेत असेन आणि तिथे रेंज नसते. शिव्या द्यायच्या असतील तर आधी त्या दे, मग काय टाकू ते सांग.

तुझा,
नाना