शेलीच्या हृदयापेक्षा त्याच्या घरची कागदपत्रे

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत इंग्रज कवी शेलीवर लेख आला, याचा आनंद झाला. मात्र सोबतच्या, शेलीच्या दहनाच्या चित्राने गैरसमज होतो. चित्रकार फूर्निएने ते १८८९ साली, म्हणजे दहनानंतर ६७ वर्षांनी रंगवले. त्यात शेलीची बायको मेरी शेली चितेमागे गुडघे टेकून बसलेली दिसते. १६ ऑगस्ट १८२२ रोजी व्हियारेजिओच्या किनाऱ्यावर ती नव्हतीच. आभाळही हिवाळ्यासारखे कुंद. दहन झाले इटलीच्या भर उन्हाळ्यात.

हृदयाची कथा रंजक आहेच. शेलीचा मित्र ट्रेलॉनी याने ते चितेतून ओढून काढले, दुसरा मित्र ली हंट याने मेरीला द्यायला आढेवेढे घेतले, मेरी १८५१ मध्ये वारल्यावर ते तिच्या मेजात सापडले. ते हृदयच होते का, यावरही वाद आहे. पण पाऊण लेख त्यातच खर्ची पडला आणि सून लेडी जेन हिची ‘देव्हारा मांडणारी’ म्हणून थट्टा झाली. थट्टेत तथ्य नाही असे नाही. सासऱ्याची प्रतिमा उजळ ठेवण्याचा तिला भारी सोस. पहिली बायको हॅरिएट हिच्या वाट्याला त्यातून अन्यायच आला. तरी वह्या, पत्रे टिकली ती तिच्या जपणुकीमुळे. १८९३ मध्ये तिने त्यांतला एक वाटा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला दिला. (याच ऑक्सफर्डमधून शेलीला १८११ मध्ये नास्तिकतेच्या पत्रकापायी काढून टाकले होते!) उरलेले वाटे नातलगांकडून तिथेच आले. एक १९४६ मध्ये देणगी म्हणून, दुसरा २००४ मध्ये विकत. त्यासाठी ३८ लाख पौंडांहून अधिक मोजावे लागले.

त्या कागदांत काय आहे, हे लेखात यायला हवे होते. मेरीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीचा कच्चा खर्डा आहे. मेरीने समास मोठा सोडलेला, त्यात नवऱ्याच्या अक्षरात दुरुस्त्या. राक्षसाच्या चेहऱ्याबद्दल तिने ‘देखणा’ अशा अर्थाचा शब्द लिहिला, त्याने तो खोडून ‘सुंदर’ केला. कादंबरी खरी शेलीनेच लिहिली, असे म्हणणाऱ्यांनी हा खर्डा एकदा पाहावाच. मेरीचे वडील, लेखक विल्यम गॉडविन यांची ४८ वर्षांची रोजनिशी आहे, ३२ वह्यांची, अत्यंत त्रोटक. १० सप्टेंबर १७९७ रोजी मेरीची आई, मेरी वुल्स्टनक्राफ्ट, बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी गेली. त्या दिवशी गॉडविनसारख्या शब्दप्रभूने फक्त वेळ लिहिली, आठला वीस मिनिटे कमी, आणि पुढे नुसत्या रेघा ओढल्या. माझ्या मते अख्ख्या संग्रहात याहून बोलका कागद नाही.

ही रोजनिशी २०१० पासून आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’चा खर्डा २०१३ पासून इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. पुढच्या पुरवणीत ‘शेली-गॉडविन अर्काइव्ह’चा पत्ता छापावा आणि दहनाच्या चित्राऐवजी खर्ड्याचे एखादे पान द्यावे, ही विनंती. इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

– एक निवृत्त प्राध्यापक, सांगली