लाकडी ओट्याच्या तुळईबद्दल शेजारच्या काकांचे जाहीर आभार

इंदूर

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

आमच्या परसातल्या लाकडी ओट्याचे काम आपल्या देखरेखीखाली संपले, त्या संध्याकाळी आपण चहाही न घेता निघून गेलात आणि आभार मानायचे राहिले. आमच्यासारखी चूक इतर घरांतही होत असावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

ठेकेदाराने काँक्रीटच्या बुटक्या खांबांत खाचा ठेवून सागवानी तुळईची टोके त्यांत बसवली होती आणि भोवतीची फट सिमेंटने लिंपली होती. आम्हाला ते भक्कम वाटले. दोन पावसाळ्यांनंतर ओट्याचा एक कोपरा खचू लागला, तेव्हा मी तीच फट पुन्हा भरून घेणार होतो. आपण मात्र तुळईच्या टोकाला पेचकस टोचलात आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड बाजूंपेक्षा कापलेल्या टोकातून कितीतरी वेगाने पाणी शोषते, काँक्रीटही जमिनीतली ओल वर ओढते, आणि लिंपलेल्या खाचेत ती ओल सुकायला वावच मिळत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, हे आपण समजावलेत. मग आपल्याला वाड्यातला तळखडा आठवला. मीही वाड्यातच वाढलो, पण लाकडी खांबाखाली तो दगड कशासाठी असतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पायाचा दोष वेगळाच निघाला. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जेमतेम दीड फूट खोल गेलेला आमचा खांब तिच्याबरोबर वरखाली होत होता. आपण मुरूम लागेपर्यंत, म्हणजे ५ फूट, खणून घेतलेत आणि कुजका भाग कापल्यावर तुळई आखूड पडणार म्हणून नवा खांब आतल्या बाजूला घेतलात. (त्यापायी मोगऱ्याची कुंडी हलवावी लागली, त्याबद्दल घरात अजून बोलणी खातो आहे.)

खांबाचा माथा जमिनीपासून ९ इंच वर ठेवून त्याला कडांकडे उतार दिला, त्यात रोवलेल्या बोल्टवर जस्त चढवलेली यू आकाराची लोखंडी बैठक कसली, आणि तुळई व काँक्रीट यांमध्ये १ इंच मोकळी जागा राखली. भार बैठकीने पेलायचा, आडव्या बोल्टांनी तुळई केवळ जागेवर धरायची, हा आपला आग्रह तेव्हा मला अतिरेकी वाटला होता. त्या मोकळ्या जागेमुळे वाळवीची मातीची नळीही लगेच दिसेल, हे नंतर लक्षात आले.

काल रात्रभर पाऊस झाला. सकाळी त्या फटीतून बोट फिरवले, तर तुळईची खालची बाजू कोरडी होती. लाकूड सुकून आकसले की बोल्ट पुन्हा आवळावे लागतील, असे आपण बजावले आहे. दिवाळीनंतर पाना घेऊन मी तयार असेन, आपण चहाला यावे.

आपला कृतज्ञ शेजारी