गोट्यांचा डबा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला घेतलं असतं तर बाबा ‘बरं, आईशी बोल’ म्हणून मोकळे झाले असते. म्हणून पत्र.

परवा आरवला घेऊन ‘अं साक द बीय’ पाहिला. म्हणजे ‘गोट्यांची पिशवी’. सिनेमा २०१७चा, जोसेफ जोफो यांच्या लहानपणच्या आठवणींवरचा. जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस, वडिलांचं सलून, तेही आम्ही राहतो त्याच अठराव्या विभागात. दहा वर्षांचा जो आणि त्याचा थोरला भाऊ मोरिस.

आई, तुझा जन्म शिवणयंत्रावर गेला म्हणून हे तुला. जून १९४२पासून तिथल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला छातीवर डावीकडे पिवळा तारा लावायचा हुकूम होता. पक्का शिवून. माणशी तीन तारे, आणि वर त्यासाठी त्यांच्याच कापडाच्या रेशनमधला एक पॉइंट कापायचे! सिनेमात शाळेतला मित्र त्या ताऱ्याच्या बदल्यात जोला पिशवीभर गोट्या देतो. आरवच्या मते जो फायद्यात राहिला.

मग बाप पोरांना समोर घेतो. दोघांनीच दक्षिणेकडे पळायचं. ‘तू ज्यू आहेस का?’ पोर ‘नाही’ म्हणतं, की फाडकन मुस्काटात. पुन्हा तोच प्रश्न. मार खाऊनही ‘नाही’च निघतं, तेव्हा कुठे हात थांबतो.

मला आपला एसटी स्टँड आठवला. तुलना नाही हं; मला तुम्ही मावशीकडे शिकायला पाठवलंत, दिवाळीला घरी आणलंत. पण मी खिडकीत रडत होते आणि बाबा, तुम्ही ‘रडतेस काय, मावशी काय परकी आहे?’ म्हणून खेकसलात आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवलीत. तीस वर्षं ती पाठच धरून बसलेय. परवा प्रथमच मनात आलं, पलीकडून चेहरा कसा होता कोण जाणे.

पोरं वाचतात. बाप आउशवित्झच्या मृत्युछावणीतून परत येत नाही.

आरवच्या शाळेच्या भिंतीवर काळी पाटी आहे. रोज तिच्यासमोरून जातो, पण कधी थांबलो नव्हतो. फ्रान्समधून अकरा हजारांवर ज्यू मुलं छावण्यांत पाठवली गेली, त्यांतली काही या शाळेतली. काल दोघांनी उभं राहून वाचली. आरव म्हणाला, ‘यांना कुणी थप्पड मारून शिकवलं नव्हतं?’ मी त्याचं दप्तर घेतलं आणि चालायला लागले.

मे महिन्यात याल तेव्हा माळ्यावरचा दादाचा गोट्यांचा डबा आणा. पिशवीत किती मावतात ते आरवला मोजायचंय. लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत सांडलं होतं.

आणि बाबा, त्या दिवशी स्टँडवरून तुम्ही कुठे गेलात, ते सांगा. ‘आईशी बोल’ म्हणू नका.

तुमची,
मनू