उजळाईवाडीला टर्मिनल झाले, आता वेळापत्रकाचे बोला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

१० मार्च २०२४ रोजी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरील नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. इमारत देखणी आहे, कोल्हापूरला शोभेल अशी आहे. त्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण आजही विमानतळाचा विषय निघाला की धावपट्टी किती मीटर आणि पुढचे शहर कोणते, एवढ्यावरच बोलणे थांबते. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) व मशीन शॉपना (ओतलेले भाग कापून मापात आणणारे कारखाने) या विमानतळाचा नेमका उपयोग काय आणि तो होण्यात अडते कुठे, हे मांडण्यासाठी हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विमानाने जाणार नाही. किलोच्या भावाने विकल्या जाणाऱ्या बीडाला (ओतीव लोखंडाला) हवाई भाडे कधीच परवडणार नाही. संध्याकाळी भरलेला ट्रक पहाटे पुण्यात पोचतो, त्याहून स्वस्त काही नाही. विमान लागते ते गिऱ्हाइकाच्या माणसाला, मंजुरीसाठी जाणाऱ्या नमुन्याला आणि बंद पडलेल्या यंत्राच्या सुट्या भागाला. या तिन्हींची गरज येत्या काळात वाढत जाणार आहे.

डिझेल इंजिनाचा ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बेअरिंग कॅप ही आपल्या भागातल्या कितीतरी फौंड्रींची रोजची भाकरी. विजेवर चालणाऱ्या गाडीत यातला एकही भाग नसतो. तिच्या मोटरचे घर बहुतेक ॲल्युमिनियमचे, डाय-कास्टिंगने, म्हणजे धातूच्या साच्यात दाबाने ओतून, केलेले असते आणि ते आपल्या वाळूच्या साच्यातून निघत नाही. ब्रेक ड्रम, डिस्क, ॲक्सल हाउसिंग टिकतील, ट्रॅक्टर आणि जड ट्रकही लगेच डिझेल सोडणार नाहीत, त्यामुळे उद्याच भट्ट्या विझतील असे आम्ही म्हणत नाही. पण कामाचा प्रकार बदलतो आहे. एकाच ब्लॉकचे महिन्याला हजारो नग काढण्याऐवजी पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, रेल्वे यांचे पंचवीस वेगवेगळे पार्ट, प्रत्येकी शंभर-दोनशे नग, अशी ऑर्डर येऊ लागली की धंद्याचे गणितच वेगळे होते.

कारण प्रत्येक नव्या पार्टला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पॅटर्न (ज्यावरून साचा घडवतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा) करायचा, तीन ते पाच ट्रायल कास्टिंग ओतायची, त्यातले एक कापून आत श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) किंवा ब्लो होल (वायूचे छिद्र) आहे का पाहायचे. मग हार्डनेस, मायक्रोस्ट्रक्चर (धातूची सूक्ष्म रचना), मापांचा रिपोर्ट, मशीनिंगची ट्रायल, आणि त्यानंतर नमुना गिऱ्हाइकाकडे. तिथे एखाद्या भिंतीची जाडी कमी भरली किंवा बॉसखाली (भागावरच्या उंचवट्याखाली) श्रिंकेज निघाले, तर रायझर (आकसणाऱ्या धातूला भर देणारा साठा) बदलायचा, गेटिंग (धातू साच्यात जाण्याची वाट) बदलायचे आणि पुन्हा ओतायचे. दोन-तीन फेऱ्यांशिवाय पार्ट क्वचितच मंजूर होतो. नमुना रस्त्याने दिल्ली-फरिदाबादच्या बाजूला पोचायला चार-पाच दिवस लागतात. तीन फेऱ्यांत निव्वळ प्रवासाचे बारा-पंधरा दिवस गेले. हजारो नगांच्या ऑर्डरला ते सोसते. दोनशे नगांच्या ऑर्डरला सोसत नाही, ती जवळच्या फौंड्रीकडे जाते.

सुट्या भागाचे तसेच. विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधून पाणी झिरपले की अर्थ लीकेज (जमिनीकडे वीजगळती) दाखवून पॅनेल ट्रिप होते. धातू वेळेत काढून घेतला नाही तर तो भट्टीतच गोठतो आणि लायनिंग (भट्टीचे आतले अस्तर) फोडून बाहेर काढावा लागतो. नवे लायनिंग ठोकायचे, सिंटर करायचे (तापवून घट्ट करायचे), यात दीड-दोन दिवस जातात. हे तरी फौंड्रीच्या हातातले काम. पण पॅनेलमधले कंट्रोल कार्ड जळाले आणि ते अहमदाबादहून यायचे असेल, तर जेमतेम किलोभर वजनाच्या त्या वस्तूसाठी सगळे ठप्प होते. भरून ठेवलेल्या साच्यांतला ओलावा उडतो, कडा ढासळतात, साचे पाडून वाळू परत मिलमध्ये घालावी लागते. मजूर बसून असतात, वीजबिलातला डिमांड चार्ज चालू असतो आणि पलीकडे गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवरचा साठा संपत येतो. सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्राचा) कंट्रोलर बंद पडला तर हीच वाट बेंगळुरूहून येणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरची पाहायची.

म्हणून लहान पार्सल घेणारी, रोज चालणारी कार्गो खिडकी ही आमची पहिली मागणी आहे. त्यासाठी मोठे गोदाम लागत नाही. लागते ते नागरी उड्डयन सुरक्षा ब्युरोच्या नियमांप्रमाणे तपासणी करणारी मान्यताप्राप्त एजन्सी, क्ष-किरण यंत्र, एक वजनकाटा आणि विमान सुटण्याच्या किती आधी माल घेणार याची पाळली जाणारी वेळ. उद्योजकांनाही इथे शिकावे लागेल. तीसेक मिलिमीटरपेक्षा जाड बीड क्ष-किरणाच्या पडद्यावर नुसते काळे दिसते. तपासणाऱ्याला आतले दिसत नाही, तो पेटी उघडायला सांगतो, आणि पेटी खिळे ठोकून बंद केलेली असली तर तिथेच विमान चुकते. नमुन्याच्या पेटीला स्क्रू लावा, झाकणावर ड्रॉइंग आणि वजन चिकटवा, मशीनिंग केलेल्या भागावरचे गंजरोधक तेल नीट पुसून व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशवीत भरा. तेल गळणारी पेटी कोणी घेत नाही. साच्याला लावायच्या, स्पिरिटमधल्या झिरकॉन कोटिंगचा डबा किंवा ज्वलनशील रेझिनची बाटली साध्या पार्सलमध्ये घालू नका, ते धोकादायक मालात मोडते. नमुना परदेशी जाणार असेल तर पेटीचे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का असलेले हवे.

आता विमानात जागा किती, ते पाहू. एटीआर ७२ या पंख्याच्या छोट्या विमानाची भारक्षमता साडेसात टनांच्या आसपास. ७० प्रवासी, सामान धरून माणशी ९५ किलो, म्हणजे ६,६५० किलो झाले. उरले आठ-साडेआठशे किलो, आणि तेही सगळे जमून आले तर. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे २,००० फूट उंचीवर आहे. या उंचीवरचे प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी पारा ३८ वर गेला की फरक २७ अंशांचा, आणि दर अंशाला उंची साधारण १२० फूट वाढली असे धरणारा ढोबळ हिशेब लावला तर हवा ५,२०० फुटांवर असावी इतकी विरळ होते. पंखांना आणि इंजिनाला बळ कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते, आणि ती पुरत नसेल तर वजन उतरवावे लागते. सगळ्यात आधी उतरते ते पार्सल, कारण ते तक्रार करत नाही.

हे समजले की दोन गोष्टी स्पष्ट होतात. मूळ १,३७० मीटरची धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत नेण्याचा आराखडा केवळ मोठ्या विमानाच्या हौसेसाठी नाही, उन्हाळ्यात पूर्ण भार घेऊन उडण्यासाठीही तो हवा आहे. दुसरे म्हणजे, सकाळी आठची आणि दुपारी दोनची फेरी ही एकाच भावाची नव्हे. सकाळच्या थंड हवेत त्याच धावपट्टीवरून तेच विमान जास्त वजन नेते. धावपट्टीला जमीन, मोजणी, मोबदला, रस्ता वळवणे हे सगळे लागते. वेळ बदलायला यातले काहीच लागत नाही.

वेळेचे महत्त्व माणसांसाठी तर आणखी मोठे आहे. मुंबईला जायचे तर महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, रात्री बसलात की सकाळी मुंबईत. विमानाने दुपारी पोचून दिवस वाया घालवण्यापेक्षा ती बरी. पुण्यालाही रस्ता आणि रेल्वे आहे. विमानाचा खरा उपयोग दिल्ली, अहमदाबाद, चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरू या दिशांना. गिऱ्हाइकाचा ऑडिटर येतो तेव्हा त्याला सँड लॅब, मेल्टिंग, पोअरिंग, फेटलिंग (ओतलेल्या भागाची साफसफाई), तपासणी हे सगळे चालू अवस्थेत पाहायचे असते. एसजी आयर्नचे (मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या बीडाचे) काम असेल तर मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर आठ-दहा मिनिटांच्या आत धातू ओतला जातो की नाही, हे तो घड्याळ लावून पाहतो. याला अख्खा कामाचा दिवस लागतो. विमान दुपारी एकला उतरले आणि परतीचे दिवसाआड असले तर एका दिवसाच्या कामाला त्याचे तीन दिवस जातात. तो पुढच्या वेळी बेळगावला उतरतो, तिथली धावपट्टी २,३०० मीटरची आहे. आणि बेळगावातही फौंड्री आहेत, हे आपण विसरून चालणार नाही.

तेव्हा निदान एका महानगराला सकाळी नऊच्या आत येणारे आणि संध्याकाळी सहानंतर जाणारे विमान, सोमवार ते शनिवार, ही दुसरी मागणी. संध्याकाळच्या फेरीसाठी धावपट्टीला दिवे असून भागत नाही. हवाई वाहतूक नियंत्रणाची पाळी आणि अग्निशमन दल तोवर हजर लागते. एटीआर ७२ ला अग्निशमनाची पाचवी श्रेणी पुरते, एम्ब्रेअर १७५ किंवा ए३२० या मोठ्या विमानांना सहावी लागते. माणसे एका पाळीपुरतीच असली तर तासभर उशिरा निघालेले विमान रद्द होते आणि कारण मात्र ‘तांत्रिक’ सांगितले जाते.

पावसाळ्याचे वेगळे. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली येतात, दृश्यमानता घटते, आणि विमान घिरट्या घालून परत जाते. गगन या आपल्या उपग्रह प्रणालीवर आधारित उतरण्याच्या पद्धतीला धावपट्टीशेजारी महाग यंत्रणा उभारावी लागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एटीआर ७२ याच पद्धतीने उतरले होते. लहान विमानतळांसाठी हा फार मोलाचा मार्ग आहे. कोल्हापूरला कोणत्या पद्धतीने किती दृश्यमानतेपर्यंत उतरता येते, आणि महिन्याला किती फेऱ्या हवामानामुळे रद्द झाल्या, हे विमानतळ प्रशासनाने साध्या मराठीत जाहीर करावे. आकडा समोर असला की मागणी नेमकी करता येते.

राहिला सातत्याचा प्रश्न. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये इथे विमानतळ उभा केला, पण नंतरच्या काळात सेवा कितीदा सुरू झाली आणि कितीदा खंडित झाली, हे कोल्हापूरकर जाणतात. २०१८ मध्ये लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेखाली विमाने परत आली. या योजनेत निम्म्या जागा सवलतीच्या भाड्यात, आणि तुटीची भरपाई केंद्र ८० टक्के व राज्य २० टक्के अशी करते, पण ती तीन वर्षांपुरतीच. चौथ्या वर्षी मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर विमान दुसरीकडे जाते. निवेदने देऊन ते थांबत नाही. औद्योगिक संघटनांनी जागा आगाऊ घ्याव्यात, हा आमचा प्रस्ताव आहे. रोज दहा जागा, आठवड्याला सहा फेऱ्या, म्हणजे वर्षाला ३,१२० जागा. दोनशे कारखान्यांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला पंधरा-सोळा तिकिटे येतात. मध्यम आकाराची फौंड्री एवढा प्रवास तसाही करतेच, फक्त पुण्याहून करते. न वापरलेली जागा संघटनेतल्या दुसऱ्याला देता यावी, एवढी अट विमान कंपनीकडून मान्य करून घ्यावी.

सांगली-मिरज आणि इचलकरंजीही यात हवेत. सांगलीजवळच्या कवलापूरला स्वतंत्र विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची भावना आम्ही समजतो. पण पन्नासेक किलोमीटरच्या अंतरात दोन विमानतळांनी तेच प्रवासी वाटून घेतले तर दोन्हीकडे दिवसाआडचीच फेरी राहील. त्याआधी सांगली-जयसिंगपूर-इचलकरंजी-उजळाईवाडी अशी विमानाच्या वेळेला जोडलेली बस सुरू करून पाहावी.

विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळी वेळापत्रकात सकाळची वेळ हवी असेल तर कोणत्या कारखान्याला कोणत्या दिवशी किती जागा लागतात याची यादी डिसेंबर संपायच्या आत विमान कंपन्यांच्या हातात पडली पाहिजे. संघटनांनी दिवाळीनंतर लगेच ती गोळा करायला घ्यावी. आमचे आकडे तयार आहेत.

आपले,
कोल्हापूर परिसरातील काही फौंड्री व मशीन शॉप चालक