सही आधी, काँक्रीट नंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की कुठल्या तरी शाळेच्या छताचा गिलावा पडल्याची, कुठल्या तरी नव्या सरकारी इमारतीत पाणी गळत असल्याची बातमी आपल्या अंकात येते. मग चौकशीची मागणी होते, कंत्राटदाराला काळ्या यादीत टाका म्हणून सांगितले जाते, आणि चवथीपर्यंत विषय मागे पडतो. मी पणजीच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्य पदविका घेतली आणि निवृत्त होईपर्यंत गोव्यातल्या निरनिराळ्या साइटवर गुणवत्ता नियंत्रणाचेच काम केले. त्या अनुभवावरून सांगते, पडल्यानंतरच्या चौकशीपेक्षा काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशीची तपासणी शंभर पटीने महत्त्वाची आहे. त्या तपासणीसाठी लागणारा कागद बहुतेक मोठ्या कामांच्या फाइलीत असतोही. त्याला इन्स्पेक्शन अँड टेस्ट प्लॅन म्हणतात, साइटवर सगळे आयटीपी म्हणतात. लोकांना त्याची माहिती नाही, म्हणून हे पत्र.

आयटीपी म्हणजे एक तक्ता. कामाची प्रत्येक पायरी एका ओळीत. पायाची खोदाई, पीसीसी (पायाखालचा लोखंडाशिवायचा काँक्रीटचा थर), लोखंड बांधणी, सेंटरिंग (ओले काँक्रीट धरून ठेवणाऱ्या प्लेटा आणि टेकू), काँक्रीट, पाणी मारणे, वॉटरप्रूफिंग. प्रत्येक ओळीपुढे लिहिलेले असते की काय तपासायचे, कुठल्या मानकाप्रमाणे, किती फरक चालेल, कितीदा तपासायचे, कोणी तपासायचे आणि नोंद कुठे ठेवायची. आधी कंत्राटदाराचा स्वतःचा इंजिनिअर, मग सल्लागाराचा माणूस, मग खात्याचा, अशा वेगवेगळ्या सह्या. शेवटच्या रकान्यात एकच अक्षर असते, आणि माझ्या मते सगळा जीव त्या अक्षरात आहे. ‘डब्ल्यू’ असेल तर तो विटनेस पॉइंट. तपासणाऱ्याला वेळ कळवायची, तो आला तर ठीक, नाही आला तर काम पुढे नेता येते. ‘एच’ असेल तर तो होल्ड पॉइंट. तिथे सही झाल्याशिवाय पुढचे काम करायचेच नाही. काँक्रीटची गाडी दारात उभी असली तरी नाही.

हा फरक कागदावर सगळ्यांना ठाऊक असतो. साइटवर मात्र होल्ड पॉइंटचा हळूहळू विटनेस पॉइंट होतो आणि विटनेस पॉइंटचा नुसता फोटो होतो. “मॅडम, गाड्या प्लांटवरून निघाल्यात, सही मागाहून घेऊ,” हे वाक्य मी नोकरीभर ऐकले. मागाहून घेतलेली सही कशाची असते? लोखंड तर काँक्रीटच्या पोटात गेलेले असते.

एक उदाहरण देते. एका शाळेच्या इमारतीचा पहिल्या मजल्याचा स्लॅब होता. मे महिना, पावसाच्या आधी स्लॅब टाकायची घाई. शनिवारी सकाळी आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवर तयार होणाऱ्या काँक्रीटच्या, गाड्या सांगून ठेवलेल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मी लोखंड पाहायला वर गेले. मधल्या खोल्यांचे काम चांगले होते, रिंगांचे अंतरही बरोबर. पण बाहेर आलेल्या छज्जाच्या वरच्या सळया कामगारांच्या पायांखाली दबून खाली सेंटरिंगला टेकल्या होत्या. त्यांना उचलून धरणाऱ्या चेअर बसवलेल्याच नव्हत्या.

वाचकांसाठी थोडे सोडवून सांगते, कारण गोव्यात छज्जे आणि गॅलऱ्या पडतात त्यांतल्या कित्येकांचे मूळ इथे असते. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबला ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून तिथे मुख्य सळई खाली. छज्जाला पुढे टेकूच नाही, तो भिंतीतून बाहेर लोंबतो, म्हणून त्याला ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वर लागते. ती पाचेक सेंटिमीटर खाली गेली की सळई तेवढीच, सिमेंट तेवढेच, बिलही तेवढेच, पण ताकद निम्म्यावर येते. वरून काँक्रीट ओतले, गिलावा झाला, रंग लागला की जगातला कोणताही इंजिनिअर नुसत्या डोळ्यांनी ती चूक ओळखू शकत नाही. आणि त्या छज्जाखाली सुट्टीच्या वेळी मुले उभी राहतात.

मी सही केली नाही. कंत्राटदार चिडला, गाड्या रद्द केल्याचे पैसे कोण देणार म्हणाला, आणि त्याच्या जागी त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वरून फोनही आला. पण त्या कामाच्या करारात आयटीपी जोडलेला होता आणि त्या ओळीपुढे ‘एच’ छापलेले होते. मी तेवढेच दाखवले. दुसऱ्या दिवशी फिटर लोकांनी चेअर तयार करून बसवल्या, सोमवारी स्लॅब टाकला. पुढच्या मजल्याच्या वेळी त्याच कंत्राटदाराने एक दिवस आधी स्वतः फोन करून मला बोलावले. करारात ते अक्षर नसते तर माझ्यासारख्या पदविकावालीच्या शब्दाला त्या दिवशी किंमत मिळाली असती असे मला वाटत नाही. म्हणून मी आयटीपीचा आग्रह धरते. हाताखालच्या माणसाला ‘थांबा’ म्हणायची ताकद तो देतो.

काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, टेस्ट होतात की, मग भीती कसली, असे लोक विचारतात. क्यूब हवेतच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात हिशेब दिलेला आहे. ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, ५० पर्यंत चार, आणि पुढे प्रत्येक ५० घनमीटरला आणखी एक. प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, १५० मिलिमीटरचे, २८ दिवसांनी दाबून पाहायचे. पण २८ दिवसांनी निकाल हातात येतो तेव्हा वरच्या मजल्याचे कॉलम उभे असतात. तेव्हा निकाल वाईट आला तर स्लॅब फोडायला कोणी तयार नसतो. शिवाय क्यूब काँक्रीटची ताकद सांगतो. सळई कुठे आहे, कव्हर किती आहे, काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर फिरला की नाही, हे तो सांगत नाही. आणि क्यूबसाठी वेगळा, चांगला माल कालवून ठेवण्याची चाल किती जुनी आहे हे साइटवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यावर उपाय एकच. नमुना कोणत्या गाडीतून, कोणासमोर घ्यायचा हे आयटीपीत लिहायचे आणि क्यूबवर ओलेपणीच तारीख आणि गाडीचा नंबर कोरायचा.

कव्हरचा विषय आला आहे तर गोव्यापुरते सांगायलाच हवे. सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यामधली जाडी म्हणजे कव्हर. आयएस ४५६ प्रमाणे साध्या हवामानात २० मिलिमीटर पुरते, पण समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघड्या पडणाऱ्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर लागते आणि काँक्रीट किमान एम ३० दर्जाचे लागते (आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त). थेट समुद्राचे तुषार येत असतील तर ५० मिलिमीटर आणि एम ३५. मोरजी, कळंगुट, वास्को, काणकोण, आपला सारा किनारी पट्टा यात येतो. प्रत्यक्षात मी काय पाहिले? सळई उचलून धरणाऱ्या सिमेंटच्या कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली सारलेली खडी. व्हायब्रेटर लागला की ती खडी सरकते आणि सळई सेंटरिंगला चिकटते. खारी हवा आणि पावसाचे पाणी तिथपर्यंत पोचायला फार वर्षे लागत नाहीत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, काँक्रीट आतून फुटते, आणि मग आपण बातमी वाचतो की छताचा गिलावा पडला. पडतो तो गिलावा नसतो, पुष्कळदा स्लॅबचाच थर असतो. चाळीस पैशांचा वाटावा असा तो सिमेंटचा ठोकळा लोखंड बांधून झाल्यावर पाच मिनिटांत तपासता येतो, नंतर कधीच नाही.

आता जो दोष मला सगळ्यांत मोठा वाटतो त्याबद्दल. तो कंत्राटदाराचा नाही. खात्याच्या एकेका कनिष्ठ अभियंत्याकडे रस्ता, गटार, शाळा, स्मशानभूमी अशी पाच-सात कामे एकाच वेळी असतात, ती वेगवेगळ्या गावांत, आणि मे महिन्यात सगळ्यांचे स्लॅब एकाच आठवड्यात. तो माणूस सगळीकडे कसा पोचणार? मग मोजमाप पुस्तक भरायच्या दिवशी पोर कार्डांचा, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीच्या कागदांचा, गठ्ठा पुढे येतो आणि एकाच पेनने महिनाभराच्या सह्या होतात. मी त्या तरुण मुलामुलींना दोष देत नाही. पण होल्ड पॉइंट कंत्राटदाराला जसा बांधतो तसा खात्यालाही बांधला पाहिजे. चोवीस तास आधी लेखी सूचना मिळाली आणि ठरल्या वेळी तपासणारा आला नाही, तर तो उशीर खात्याच्या नावे लिहिला जावा आणि कंत्राटदाराला तेवढी मुदत वाढवून मिळावी. ही तजवीज नसेल तर कंत्राटदार वाट न पाहता काँक्रीट ओतणारच, आणि त्याला नाव ठेवायला आपल्याला तोंड राहणार नाही.

आणखी एक. काही सल्लागार मोठ्या पुलाच्या कामाचा दोनशे ओळींचा आयटीपी उचलून चार खोल्यांच्या शाळेला जोडतात. जिथे शंभर होल्ड पॉइंट असतात तिथे एकही पाळला जात नाही. शाळा, अंगणवाडी, पंचायत घर अशा कामांना मोजके होल्ड पॉइंट पुरेत, पण ते पक्के हवेत. पायाचा खड्डा पाहिल्याशिवाय पीसीसी नको, कारण आपल्याकडे जांभ्याचा वरचा थर कठीण लागला तरी खाली मऊ माती असू शकते, आणि खाजनाकाठची जमीन तर सांगायलाच नको. लोखंड पाहिल्याशिवाय काँक्रीट नको. गाडी आली की स्लंप, म्हणजे ओला माल किती घट्ट की पातळ ते, पाहिल्याशिवाय माल पंपात नको. पर्वरीच्या कोंडीत गाडी अडकली की माल घट्ट होतो, मग ड्रायव्हर पाण्याचा पाइप सोडतो, आणि त्या पाण्याने काँक्रीटची ताकद जाते. टेकू काढायलाही सही हवी. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटला १४ दिवस ठेवावे लागतात, पण दुसऱ्या साइटला प्लेटा हव्यात म्हणून आठव्या दिवशी ते निघतात. आणि शौचालयात किमान २४ तास पाणी भरून ठेवून खालून पाहिल्याशिवाय टाइल्स नकोत. गळक्या शौचालयामुळे शाळेतल्या मुलींचे काय हाल होतात ते मी पाहिले आहे.

हे होल्ड पॉइंट निविदेतच छापावेत, आणि त्या त्या सहीची प्रत जोडल्याशिवाय रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचे टप्प्याचे बिल, पुढे जाऊ नये. पैसे अडले की सही वेळेवर होते, हा माझा अनुभव. कामाच्या फलकावर कंत्राटदाराचे नाव आणि रक्कम लिहितात, तिथेच हा छोटा तक्ता मराठीत आणि कोकणीत लावावा आणि एक प्रत पंचायतीत ठेवावी. शाळेच्या पालक-शिक्षक संघात एखादा गवंडी, एखादा सेंटरिंगवाला बाप हमखास असतो. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तो नुसता वर जाऊन आला तरी पुष्कळ फरक पडेल.

४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात चावडी येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे गेली, बहुतेक पोटासाठी परराज्यांतून आलेले मजूर. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. दोन्हींची कारणे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण अशा प्रत्येक वेळी पहिला प्रश्न ‘कोणाला पकडले’ हा असतो. ‘कोणत्या पायरीला कोणाची सही होती, आणि ती कोणत्या तारखेची होती’ हा प्रश्न विचारलेला मी फार थोड्या वेळा ऐकला.

तो विचारायचा हक्क नागरिकांना आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणेही येते. नुसत्या झेरॉक्स मागून थांबू नये. खाजगी फ्लॅट घेणाऱ्यांना रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरकडून विनामूल्य दुरुस्त करून घेता येतो, आणि बुकिंगच्या वेळी आयटीपी दाखवा म्हणायला तर कोणाची आडकाठी नाही.

आपल्या गावात शाळेचे किंवा पंचायतीचे काम चालू असेल तर अर्जात या तीन गोष्टी नावाने मागाव्यात: मंजूर आयटीपी, प्रत्येक स्लॅबचे पोर कार्ड आणि क्यूब रजिस्टर. मग पोर कार्डावरच्या सहीची तारीख आणि आरएमसीच्या चलनावरची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त गुणवत्ता नियंत्रण अभियंता,
डिचोली, गोवा